एक बोर्ड, चार मानके: बहुमानक रेडिओ रिसीव्हरची डिजिटल बाजू नागपुरात बसून कशी उभारायची

एकाच एसडीआर (सॉफ्टवेअरने चालणारा रेडिओ) बोर्डावर एफएम रेडिओ, विमाने स्वतःचे स्थान कळवतात ते एडीएस-बी संदेश, लोरा (कमी शक्तीचे, लांब पल्ल्याचे) सेन्सर आणि एलटीई (४जी मोबाइल) मनोऱ्यांचे सिंक्रोनायझेशन सिग्नल घ्यायचे, हे या लेखाचे काम. इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचे विद्यार्थी आणि एफपीजीएला (हवे ते डिजिटल सर्किट भरता येणाऱ्या चिपला) नुकताच हात लावलेले हौशी लोक डोळ्यांसमोर आहेत. व्हेरिलॉग थोडेफार लिहिता येते, फूरिये ट्रान्सफॉर्म कशाशी खातात हे माहीत आहे, एवढे धरून चाललो आहे.

नवखा माणूस आधी बोर्ड मागवतो आणि मग प्रत्येक मानकासाठी एडीसीचा (अँटेनाच्या सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागाचा) दर बदलत बसतो. दर बदलला की पीएलएल (घड्याळ जुळवणारे सर्किट) नव्याने लॉक होतो, अ‍ॅनालॉग फिल्टरचे कॅलिब्रेशन पुन्हा चालते, एफपीजीएमधले घड्याळ काही क्षण सुटते आणि मधले सॅम्पल कचऱ्यात जातात. म्हणून या रचनेचा पाया एकच: एडीसीचा दर एकदा ठरवायचा आणि पुन्हा हलवायचा नाही. बाकी सगळे गुणोत्तरांनी जमवायचे.

१. दरांचा हिशेब कागदावर करा

प्रत्येक मानकाला स्वतःचा दर हवा असतो. एलटीईच्या मधल्या ७२ उपवाहकांसाठी १.९२ मेगासॅम्पल प्रति सेकंद पुरतात. एडीएस-बीमध्ये सेकंदाला १० लाख बिट येतात आणि प्रत्येक बिटचे अर्ध्या-अर्ध्या मायक्रोसेकंदाचे दोन भाग असतात. ४ मेगासॅम्पल घेतले तर प्रत्येक अर्ध्याला दोन सॅम्पल मिळतात. लोराची वाहिनी १२५ किलोहर्ट्झची, तिला २५० किलोसॅम्पल सोयीचे. एफएमला २४० किलोसॅम्पल, कारण पुढे पाचने भागले की ध्वनीसाठी थेट ४८ किलोहर्ट्झ मिळतात.

आता एडीसी ३०.७२ मेगासॅम्पलवर ठेवा. ३०.७२ भागिले १६ म्हणजे १.९२, एलटीई मिटले. भागिले १२८ म्हणजे २४० किलो, एफएम मिटले. भागिले ८ म्हणजे ३.८४, आणि ३.८४ गुणिले २५/२४ म्हणजे नेमके ४.०. लोरासाठी २४० किलो गुणिले २५/२४ म्हणजे नेमके २५०. एकच २५/२४ चा रिसॅम्पलर (सॅम्पलचा दर बदलणारा भाग) दोन्हीकडे चालतो. हा कागद हातात आल्याशिवाय पैसे खर्च करू नका. ज्या बोर्डावर ३०.७२ जमत नाही तो या कामासाठी बाद.

दुसरा हिशेब बिटांचा. १२ बिटांच्या एडीसीचे आदर्श सिग्नल-गोंगाट गुणोत्तर ७४ डेसिबल. ३०.७२ वरून २४० किलोवर येताना १२८ पट डेसिमेशन (सॅम्पलचा दर घटवणे) होते, त्यातून आणखी २१ डेसिबल, म्हणजे साडेतीन बिट, पदरात पडतात. ते टिकवायचे तर मधली रुंदी निदान १६ बिट हवी. १२ बिट आत आले म्हणून १२ बिटच पुढे नेले, तर ही सगळी कमाई तुम्ही स्वतःच छाटून टाकता.

२. सामान

- अ‍ॅडाल्म-प्लूटो बोर्ड. यात एडी९३६३ हा ट्रान्सीव्हर आणि झिंक ७०१० ही चिप आहे. ७०१० मध्ये ८० डीएसपी स्लाइस आहेत. प्रत्येकात २५ गुणिले १८ बिटांचा गुणाकारक आणि ४८ बिटांचा अ‍ॅक्युम्युलेटर.
- १६ जीबी रॅमचा संगणक आणि डिस्कवर १०० जीबी मोकळी जागा. विवाडो या एफपीजीए सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती ७०१० ला चालते. बोर्डाचा मूळ एचडीएल (सर्किटचे वर्णन करणारा) कोड खुला आहे, पण प्रत्येक रिलीजला विवाडोची ठरावीक आवृत्तीच लागते. आधी कोडमधली आवृत्ती पाहा, मग डाउनलोड लावा. उलट केलेत तर रात्रभराचे डाउनलोड वाया जाते.
- ग्नू रेडिओ, लिबआयआयओ (बोर्डाशी बोलणारी लायब्ररी), पायथन आणि नमपाय, सिम्युलेशनसाठी व्हेरिलेटर किंवा इकारस.
- १० मीटर आरजी-६ केबल, एफ-कनेक्टर, एफ ते एसएमए अडॅप्टर, १०९० मेगाहर्ट्झचा (एडीएस-बीच्या वारंवारतेचा) सॉ फिल्टर (तेवढाच पट्टा आत सोडणारा), एफएम पट्टा अडवणारा फिल्टर.

केबल, कनेक्टर, तांब्याची तार असे किरकोळ सामान सीताबर्डीच्या बाजारात हात लावून घ्या. बोर्ड आणि सॉ फिल्टर मात्र ऑनलाइनच मागवावे लागतात. प्लूटो प्रक्षेपणही करू शकतो, त्यामुळे परदेशातून थेट मागवल्यास कस्टममध्ये परवानगीची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात. भारतातल्या विक्रेत्याकडून बिलासह घेतलेला बरा, आणि ते बिल जपून ठेवा.

एडी९३६३ अधिकृतपणे ३२५ मेगाहर्ट्झपासून पुढे चालतो, मग ८८ ते १०८ चा एफएम कसा? प्लूटोच्या बूट सेटिंगमध्ये चिपचे नाव एडी९३६४ असे नोंदवले की ट्यूनर ७० मेगाहर्ट्झपर्यंत खाली येतो. उत्पादकाची हमी त्या पट्ट्यात नाही, पण एफएमसारख्या दणकट सिग्नलला ते पुरते.

३. कायद्याची बाजू

प्रक्षेपण करायचे असेल तर हौशी रेडिओ परवाना लागतो. त्यासाठी एएसओसी (हौशी रेडिओ चालकाच्या प्रमाणपत्राची) परीक्षा असते, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल अशा दोन श्रेणींची, आणि अर्ज सरल संचार पोर्टलवर भरतात. परवाना हातात येईपर्यंत प्लूटोच्या टीएक्स (प्रक्षेपणाच्या) तोंडाला ५० ओहमचे टर्मिनेशन लावून ठेवा आणि टीएक्स सॉफ्टवेअरमधून बंद करा. दुसऱ्याचे खासगी संभाषण उलगडणे हा गुन्हा आहे. या लेखात एलटीईचा फक्त सिंक्रोनायझेशन सिग्नल वापरला आहे; तो मनोरा सगळ्याच फोनसाठी सोडत असतो आणि त्यात कोणाचाही मजकूर नसतो. लोरामध्येही स्वतःच्या सेन्सरचेच पॅकेट उलगडा.

४. अँटेना आणि केबल

१०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी २७५ मिलिमीटर. पाव तरंगाची उभी तार साधारण ६६ मिलिमीटर ठेवा आणि खाली तेवढ्याच चार तारा ४५ अंशांत वाकवा. लोरासाठी हेच माप ८२ ते ८३ मिलिमीटर. एफएमला ७२-७२ सेंटिमीटरच्या दोन भुजांचा डायपोल.

केबल म्हणून डिशची आरजी-६ वापरा. ती ७५ ओहमची आहे म्हणून पुष्कळ जण नाक मुरडतात, पण ५० ओहमशी न जुळल्याने होणारा तोटा ०.२ डेसिबलहून कमी असतो. बारीक आरजी-५८ एक गिगाहर्ट्झजवळ दर मीटरला अर्धा डेसिबल किंवा त्याहून जास्त खाते; आरजी-६ दहा मीटरला मिळून दोनेक डेसिबल.

एडी९३६३ च्या तोंडाशी +२.५ डीबीएमपेक्षा जास्त शक्ती पोहोचली तर चिप जाऊ शकते. त्याच टेबलावर हँडहेल्ड वायरलेस सेट दाबू नका. सेमिनरी हिल्सवरच्या मनोऱ्याच्या किंवा मोबाइल टॉवरच्या नजरेसमोर राहत असाल तर फिल्टर ही चैन नाही, पहिल्या दिवसाची गरज आहे. आणि पावसाळ्यात, विजा कडाडू लागल्या की, केबल बोर्डापासून काढून घराबाहेर टाका.

५. आधी रेकॉर्डिंग, मग नमपाय, मग एफपीजीए

प्लूटोच्या मूळ फर्मवेअरमध्ये आठने डेसिमेट करणारा फिल्टर आधीच आहे. ट्रान्सीव्हर ३०.७२ वर ठेवून तो चालू केला की ३.८४ मेगासॅम्पल मिळतात. एका सॅम्पलला ४ बाइट धरले तर सेकंदाला १५.३६ मेगाबाइट. पूर्ण ३०.७२ दर यूएसबी २.० वरून नेण्याचा नाद करू नका. १२३ मेगाबाइट प्रति सेकंद त्या तारेत मावत नाहीत.

एक गोष्ट आताच नीट समजून घ्या. हा तयार फिल्टर खिडकीच्या (ट्यूनरला एका वेळी दिसणाऱ्या वारंवारतांच्या पट्ट्याच्या) मधोमध असलेलाच भाग ठेवतो. कडेचा सिग्नल हवा असेल तर तो डेसिमेशनच्या आधी मध्यावर आणावा लागतो, आणि ते काम एफपीजीएमध्येच होते. म्हणून पहिल्या टप्प्यात प्रत्येक मानकाला स्वतंत्रपणे ट्यून करून दहा-दहा सेकंदांची रेकॉर्डिंग घ्या. एक फाइल साधारण १५४ मेगाबाइट होईल. एडीएस-बीसाठी रेकॉर्डिंग करताना एजीसी (आपोआप गेन बदलणारी सोय) बंद ठेवा. अख्खा संदेश प्रस्तावनेसह १२० मायक्रोसेकंदांत संपतो. एजीसी जागे होईपर्यंत विमान बोलून मोकळे झालेले असते. गेन हाताने वाढवत न्या आणि सर्वांत जोरदार शिखर पूर्ण मापाच्या १० ते १२ डेसिबल खाली राहील तिथे थांबा.

या फायलींवर नमपायमध्ये संपूर्ण साखळी पूर्णांक गणिताने लिहा. दशांश गणिताने लिहिलेला नमुना सुंदर चालतो आणि काहीच शिकवत नाही. पुढे व्हेरिलॉगचे उत्तर या नमुन्याशी बिटाबिटाने जुळले पाहिजे. "जवळपास जुळते" याला अर्थ नाही.

६. एनसीओ आणि मिक्सर

समजा ट्यूनर ८७४ मेगाहर्ट्झवर आहे. २० मेगाहर्ट्झच्या खिडकीत ८६४ ते ८८४ येते. लोराची ८६५.०६२५ ची वाहिनी खालच्या कडेला सापडते आणि ८५० पट्ट्यातली, ८६९ च्या वरची मोबाइल प्रसारणेही त्याच खिडकीत बसतात. दोन एनसीओ (आकड्यांत साइन लहर तयार करणारे; त्या लहरीने सिग्नल गुणून मध्यावर आणतो तो मिक्सर) लावले की दोन्ही एकाच वेळी घेता येतात. एफएम किंवा एडीएस-बी मात्र या खिडकीत येणार नाहीत. त्यांच्यासाठी ट्यूनर हलवावा लागतो. एडीसीचा दर तेव्हाही तसाच राहतो.

एनसीओचा फेज अ‍ॅक्युम्युलेटर ३२ बिटांचा घ्या; पायरी ०.००७२ हर्ट्झ पडते. साइनच्या तक्त्याला १४ बिटांचा पत्ता द्या. प्रत्येक बिटमागे खोट्या टोनची पातळी ६ डेसिबलने खाली जाते, म्हणजे ८४ डेसिबल मिळतात. पाव वर्तुळच साठवले तर ४०९६ नोंदी गुणिले १८ बिट, नेमके ३६ किलोबिटचे दोन ब्लॉक रॅम.

एफपीजीएचे घड्याळ १२२.८८ मेगाहर्ट्झ ठेवा, म्हणजे एडीसीच्या चौपट. कॉम्प्लेक्स गुणाकाराला चार गुणाकार लागतात आणि दोन सॅम्पलांच्या मधल्या वेळात घड्याळाचे चार ठोके मिळतात, त्यामुळे अख्खा मिक्सर एका डीएसपी स्लाइसमध्ये बसतो.

इथे चिन्हाची चूक फार होते. लोरा मध्यापासून -८.९३७५ मेगाहर्ट्झवर आहे, म्हणून +८.९३७५ ने गुणायचे. आय आणि क्यू (सिग्नलचे दोन काटकोनी घटक) अदलाबदल झाले तर एफएम तरीही ऐकू येतो, त्यामुळे चूक लपते. लोराची चिर्प (वारंवारता सरकत जाणारा सूर) मात्र उलटी उतरते आणि एकही पॅकेट उलगडत नाही. म्हणून चिन्हाची तपासणी एफएमवर नको, लोरावर करा.

शिवाय हा ट्रान्सीव्हर थेट शून्यावर उतरवणारा आहे. खिडकीच्या अगदी मध्यावर डीसीची उभी रेघ दिसतेच. हवा असलेला सिग्नल तिथे ठेवू नका. ट्यूनर मेगाहर्ट्झभर बाजूला सरकवा आणि एनसीओने भरपाई करा.

७. डेसिमेशन: हाफबँड आणि सीआयसी

३०.७२ वरून ३.८४ वर येण्यासाठी तीन हाफबँड (दर निम्मा करणारे) फिल्टर लावा: ११, १९ आणि ४७ टॅपचे (गुणांकांचे). हाफबँडमधले एकाआड एक गुणांक शून्य असतात, उरलेले सममित असतात आणि मधला गुणांक अर्धा असल्याने नुसत्या शिफ्टवर भागतो. त्यामुळे खरे गुणाकार अनुक्रमे ३, ५ आणि १२. आय आणि क्यू मिळून ६, १० आणि २४; उपलब्ध ठोके ८, १६ आणि ३२. प्रत्येक फिल्टर एका स्लाइसमध्ये मावतो. ८० स्लाइस ऐकून कमी वाटतात, पण असा हिशेब केला की एका वाहिनीला दहा स्लाइसही लागत नाहीत.

३.८४ वरून चौथा हाफबँड लावला की एलटीईचे १.९२ मिळतात. २४० किलोकडे जाणाऱ्या फाट्यावर आधी आठने डेसिमेट करणारा सीआयसी (नुसत्या बेरीज-वजाबाकीने चालणारा फिल्टर) आणि मग दोनने डेसिमेट करणारा साधा ६३ टॅपचा एफआयआर (गुणांकांनी गुणून बेरीज करणारा फिल्टर) ठेवा. सीआयसीचे किती टप्पे? मध्यापासून १०० किलोहर्ट्झच्या कडेवर चार टप्प्यांत अलियास (दर घटवताना हव्या पट्ट्यात मिसळणारा नको तो सिग्नल) फक्त ४८ डेसिबल दाबला जातो, पाच टप्प्यांत ६० डेसिबल. शहरात शेजारची एफएम वाहिनी जोरदार असते, म्हणून पाच घ्या. किंमत तीन बिटांची: वाढ ५ गुणिले ३ म्हणजे १५ बिट, १६ चे ३१ होतात. त्याच कडेवर सीआयसी ३ डेसिबल खाली वाकतो. ती भरपाई पुढच्या एफआयआरच्या गुणांकांत करा.

सीआयसीतले दोन सापळे नीट लक्षात ठेवा. पहिला: इंटिग्रेटरना (बेरीज करत जाणाऱ्या टप्प्यांना) सॅच्युरेशन (कमाल मर्यादा) लावू नका. ते ओसंडून उलटे फिरणारच. टूज कॉम्प्लिमेंट गणितात पुढचा कोंब (वजाबाकीचा टप्पा) ते आपोआप फेडतो. "ओव्हरफ्लो वाईट" या सवयीने तिथे मर्यादा घातली की आउटपुट कायमचे बिघडते. दुसरा: ३१ बिट तसेच गुणाकारकाला देऊ नका. डेटाच्या तोंडाला २५ बिटच मावतात. जास्त दिलेत तर विवाडो काही न बोलता दोन स्लाइस जोडतो. आधी १८ बिटांपर्यंत आणा आणि नुसते छाटू नका, राउंडिंग करा. छाटल्याने दर वेळी सरासरी अर्धा बिट खाली ओढला जातो आणि चार टप्प्यांनंतर मध्यावर नवी डीसी रेघ उभी राहते. एफआयआरच्या आउटपुटला मात्र सॅच्युरेशन हवेच.

एफएमची शेपटी सोपी आहे: कॉर्डिकने (शिफ्ट आणि बेरजेने कोन काढणाऱ्या रीतीने) कोन, लागोपाठच्या कोनांची वजाबाकी, पाचने डेसिमेशन, ५० मायक्रोसेकंदांचे डी-एम्फसिस (प्रक्षेपणात वाढवलेले उंच सूर परत घटवणे). ७५ मायक्रोसेकंद अमेरिकेत. तिथला कोड उचलला तर हा आकडा बदलायला विसरू नका.

८. २५/२४ चा रिसॅम्पलर

२०० टॅपचा मूळ फिल्टर २५ फेजमध्ये वाटा. प्रत्येक आउटपुटला ८ टॅप येतात. दर आउटपुटला फेज २५ च्या चक्रात एकेक मागे सरकते. २४ इनपुटांमागे २५ आउटपुट येतात, म्हणजे दर फेरीत एका इनपुटातून दोन आउटपुट काढायचे असतात.

घोळ नेमका तिथेच होतो. ३.८४ वर दोन इनपुटांमध्ये ३२ ठोके असतात. एका आउटपुटला आय-क्यू मिळून १६ गुणाकार, दोन आउटपुटांना ३२. पाइपलाइन भरायला एकही ठोका शिल्लक राहत नाही आणि दर २४ व्या इनपुटला एक सॅम्पल हरवते. एडीएस-बीचे संदेश तरीही काही प्रमाणात उलगडतात, त्यामुळे दोष गेन किंवा अँटेनाच्या माथी मारला जातो. उपाय स्वस्त आहे: आय आणि क्यूला वेगवेगळे स्लाइस द्या आणि पुढे १६ सॅम्पलचा फिफो (रांगेची तात्पुरती साठवण) ठेवा. लोराच्या फाट्यावर ठोके मुबलक असतात, तिथे एक स्लाइस पुरतो.

९. एलटीईवरून घड्याळ तपासा

मनोऱ्याच्या घड्याळात ०.०५ पीपीएमपेक्षा (१ पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक) जास्त चूक चालत नाही. प्लूटोच्या क्रिस्टलला २५ पीपीएमपर्यंत मुभा आहे. तेव्हा मनोऱ्यालाच मोजपट्टी करा.

एलटीईचा प्राथमिक सिंक सिग्नल दर ५ मिलिसेकंदांनी येतो. तो झाडॉफ-चू मालिकेचा असतो, मूळ क्रमांक २५, २९ किंवा ३४. १.९२ मेगासॅम्पलवर कोरिलेशन केले (आलेला सिग्नल या मालिकेशी ताडून पाहिला) की दर ९६०० सॅम्पलला शिखर दिसते. सेकंदाभरात, म्हणजे २०० शिखरांत, एकूण सरक किती ते मोजा. १ पीपीएम चुकीला १.९२ सॅम्पल. समजा सेकंदाला २३ सॅम्पल सरकले, तर चूक १२ पीपीएम. तेवढी दुरुस्ती बोर्डाच्या एक्सओ करेक्शनमध्ये (क्रिस्टल दुरुस्तीच्या सेटिंगमध्ये) भरा. शिखर मुळीच दिसत नसेल तर वारंवारतेतली चूक ७.५ किलोहर्ट्झपलीकडे गेली असावी. एनसीओ ५-५ किलोहर्ट्झने दोन्हीकडे सरकवून शोधा.

१०. उन्हाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या वर जातो. बोर्ड गच्चीवरच्या डब्यात ठेवू नका; स्लॅबवर बंद डब्यातले तापमान याहून कितीतरी जास्त चढते आणि चिपची वरची मर्यादा ८५ अंश आहे. अँटेना वर, बोर्ड घरात. केबलचा तोटा परवडतो, भाजलेला बोर्ड परवडत नाही.

कूलरच्या झोतातही बोर्ड नको. ओलावा कनेक्टरमध्ये शिरतो, आणि कूलर चालू-बंद होताना तापमान हलले की क्रिस्टलही हलतो. एफएमला २५ पीपीएम म्हणजे अडीच किलोहर्ट्झ, कळतही नाही. लोराला ८६५ वर सुमारे २२ किलोहर्ट्झ. १२५ च्या वाहिनीत ते कसेबसे निभावते. एलटीईला मात्र दीड उपवाहकाएवढी चूक होते. चालू केल्यावर अर्धा तास बोर्ड तापू द्या, मगच नवव्या पायरीची दुरुस्ती भरा, आणि दुपारी व रात्री वेगवेगळी भरा. दोन्ही चिपांचे तापमान लिबआयआयओमधून वाचता येते. ते दुरुस्तीच्या आकड्याशेजारी लिहून ठेवा. आठवडाभरात तुमच्या बोर्डाचा आलेख तयार होतो. वीजपुरवठा प्लूटोच्या दुसऱ्या यूएसबी तोंडातून वेगळा द्या.

११. पूर्ण साखळीची चाचणी

एडीएस-बी ही इथली सर्वांत आनंदाची चाचणी. दिल्लीहून हैदराबाद, बंगळुरू, चेन्नईकडे जाणारी आणि मुंबई-कोलकाता मार्गावरची विमाने याच आकाशातून जातात. ११ किलोमीटर उंचीवरच्या विमानाचे रेडिओ क्षितिज सुमारे ४३० किलोमीटर. गच्चीवर चारही दिशा मोकळ्या असतील आणि तरीही शंभर किलोमीटरच्या पलीकडचे काहीच येत नसेल, तर आधी सॉ फिल्टर आणि गेन पाहा, मग आठव्या पायरीतला हरवणारा सॅम्पल.

लोराची चाचणी स्वतःच्या नोडने (सेन्सरने) करा. ८६५ ते ८६८ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त आहे. नोड खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, अँटेनाला चिकटवू नका.

१२. पाचवे मानक जोडताना

ब्लूटूथ लो एनर्जी सर्वांत सोपे. १० लाख सिम्बॉल प्रति सेकंद, आणि तुमच्याकडे ४.० चा फाटा तयारच आहे. २४०२ मेगाहर्ट्झची जाहिरात वाहिनी ट्यून करा, मध्यापासून थोडे सरकून. जीएसएमच्या सिम्बॉल दराच्या चौपट हवे असेल तर १.९२ पासून गुणोत्तर ३२५/५७६ येते. ३२५ फेजचा तक्ता बांधू नका, तिथे फॅरो इंटरपोलेटर (कुठल्याही गुणोत्तराने मधले सॅम्पल काढणारा) लावा. वाय-फायचे २० मेगासॅम्पल १२५/१९२ ने निघतात, पण २० मेगाहर्ट्झची वाहिनी या बोर्डाच्या खिडकीच्या काठोकाठ भरते आणि उलगडा पूर्णपणे एफपीजीएतच करावा लागतो. ते मोठ्या बोर्डासाठी ठेवा.